एसीमागचं बाळंतपण

मार्चमध्ये एसीची सर्व्हिसिंग करायला मेकॅनिक आला. बाहेरच्या युनिटमागे हात घालून त्याने दोऱ्यांचा एक गोळाच बाहेर ओढला. खारीचं घरटं! काथ्या, कापूस आणि साड्यांचे गुलाबी-जांभळे धागे. सुरत आहे शेवटी! आत तीन पिल्लं, डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी.

"मम्मी, खिसकोली! आपण पाळूया ना!" नववीतली लेक नाचायलाच लागली. ("खिसकोली नाही गं, खारुताई!" सासूबाई आतून.) हिंदीच्या पुस्तकात महादेवी वर्मांचा 'गिल्लू' शिकून झालेला, त्यामुळे पुरावाही तयार होता.

मी गप्प झाले. आम्ही लिंबायतला राहायचो तेव्हा, दहा वर्षांची असेन, असंच एक पिल्लू मी घरी आणलं होतं. बुटांचं खोकं आणि कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गार पडलेलं. दूध पचलं नाही की नाकात गेलं, कोण जाणे. एवढ्याशा जिवाला दोन्ही सोसत नाही. पण मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, की आदल्या दिवशी त्याची आई खिडकीच्या गजावर येऊन सारखी चिकचिक करत होती आणि मी खिडकी लावून घेतली होती.

लेकीला ते सांगितलं. गिल्लूला कावळ्यांनी चोची मारून जखमी केलं होतं, आणि पुढे महादेवींनीच खिडकीच्या जाळीचा कोपरा मोकळा करून दिला होता. आपल्या पिल्लांना तर आई आहे.

"मग त्या बिल्डिंगमधला पोपट?" हा पुढचा मुद्दा. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. 'लकी' म्हणून आणतात ते स्टार कासव तर २०२२च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत गेलंय. (आणि लोक त्याला पाण्यात ठेवतात! ते बिचारं जमिनीवरचं.)

मेकॅनिकला चहा देऊन काम थांबवलं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून उघड्या खोक्यात ठेवली, वर घरटं जसंच्या तसं, आणि खोकं युनिटवर बांधलं. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते असं सासूबाईंचं म्हणणं. तसं काही नसतं. बाल्कनीचं दार लावून आम्ही तिघी पडद्याआड बसलो.

पाऊण तास काहीच नाही. मग ती आली. एक पिल्लू तोंडात धरून पाइपवरून वर. मग दुसरं. तिसऱ्याच्या वेळी मात्र बराच वेळ गेला. आई आलीच नाही किंवा पिल्लू जखमी असलं, तर आपल्या गुजरातेत १९६२ हा करुणा ॲम्ब्युलन्सचा नंबर आहे. उत्तरायणात मांजाने कापलेल्या कबुतरासाठी आम्ही तो लावला होता. लेकीने मोबाइल उचलला, आणि तेवढ्यात शेपटी दिसली.

नवं घरटं वरच्या मजल्यावरच्या काकींच्या एसीमागे आहे. त्यांची सर्व्हिसिंग पुढच्या आठवड्यात आहे म्हणे. लेक आत्ताच वर गेली आहे सांगायला.