फवारणीचं विष अंगावर घेणं थांबवा!

गावातील सर्व शेतकरी, शेतमजूर व माय-माउल्यांना जाहीर आवाहन

परवा भरदुपारी आपल्याच गावचा एक मजूर पऱ्हाटीत फवारता फवारता धुऱ्यावर कोसळला. अंगात नुसतं बनियन, पंप गळका, पाठ विषानं चिंब. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि जमलेले म्हणतात, ऊन लागलं, कांदा हुंगवा! आपल्या मंडळाच्या पोरांनी कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, दवाखाना गाठला, म्हणून तो आज जिवंत आहे.

2017 विसरलात? एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक जीव गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतरही आपण तेच करतो, याची लाज वाटायला हवी.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही कीटकनाशकं म्हणजे फॉस्फरसची संयुगं. डीएपीतला फॉस्फरस मुळं पोसतो, पण ही संयुगं किडीच्या आणि माणसाच्या नसांवर सारखाच घाव घालतात. जर्मनीत 1936 साली कीटकनाशक शोधतानाच टाबुन हे युद्धातलं विष सापडलं, तेही याच कुळातलं. फवारणीचं विष पोटातच जायला हवं असं नाही, कातडीतूनही भिनतं. तरी लोक म्हणतात, आमच्या बापजाद्यांना काही झालं नाही. ज्यांना झालं ते सांगायला उरले नाहीत!

मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे. तरी वांग्यावर मारणारे गावात आहेत, त्यांना आम्ही ओळखतो. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरणाऱ्यांनी बिहारचा सारण जिल्हा आठवावा: 2013 मध्ये शाळेच्या जेवणाच्या तेलात हेच विष होतं, 23 लेकरं गेली.

आता ऐका. दोन-तीन औषधं मनानं एकत्र कालवू नका. वाऱ्याला पाठ देऊन, सकाळी किंवा संध्याकाळीच फवारा. नोझल तोंडानं फुंकू नका. मालकांनो, मजुराला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा तुम्हीच द्या. चारशे रुपये रोजात त्याचा जीव विकत घेतलेला नाही. घाम, मळमळ, छाती भरणं, थरथर दिसताच कपडे उतरवा, अंग धुवा, दूध-लिंबू पाजत बसू नका, उलटी काढू नका. औषधाची बाटली सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवा. ॲट्रोपिन हा उतारा वेळेवर मिळाला तर माणूस वाचू शकतो. कृषी केंद्रातून पक्कं बिल घ्याच. बिल न देणाऱ्याचं नाव मंडळाला कळवा, पुढचं आम्ही बघतो.

रविवारी सकाळी आठला मारुतीच्या पारावर या. गळके पंप सोबत आणा, मंडळाची पोरं फुकट दुरुस्त करून देतील.