खाते मंचाचे, संपर्क आपले

कृषी विस्ताराच्या कामात शिफारशीइतकेच महत्त्व ती कोणाकडून येते याला असते. नवा वाण किंवा ठिबकचे नवे वेळापत्रक शेतकरी स्वीकारतो, तो बहुधा सांगणारा माणूस ओळखीचा असतो म्हणून. या ओळखी पूर्वी कार्यालयाच्या भेट-नोंदवहीत आणि डायरीच्या मागच्या पानांवर जपलेल्या असत. आज त्यांतील मोठा भाग लिंक्डइनसारख्या व्यावसायिक मंचांवर आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत गेला आहे. शास्त्रज्ञ, कृषी विज्ञान केंद्रांतील विषयतज्ज्ञ, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापक, निर्यातदार आणि काही प्रगतिशील शेतकरीही तेथे भेटतात. हा बदल स्वागतार्हच आहे. खेद वाटतो तो एवढ्याचाच की, डायरी जिवापाड जपणारे आपण या खात्याची प्रत मात्र स्वतःजवळ ठेवत नाही.

मंच कायमचे नसतात, हे आपण पाहिले आहे. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. सर्वसामान्यांसाठीचे गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये थांबले. तथापि लिंक्डइन उद्या बंद होईल, अशी भीती घालण्याचा येथे हेतू नाही. खरा धोका त्याहून साधा आहे. अनेकांची खाती कार्यालयीन ईमेलवर उघडलेली असतात. बदली किंवा निवृत्तीनंतर तो ईमेल बंद होतो, आणि पासवर्ड विसरल्यास परतीचा मार्ग नेमका त्याच बंद पेटीतून जातो. मोबाइल क्रमांकाचेही तसेच. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणून प्रत घेण्याआधीचे पहिले काम म्हणजे खात्याला स्वतःचा खासगी ईमेल जोडणे.

बदलीचा हा मुद्दा आपल्या क्षेत्रात विशेष लागू पडतो. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचेच उदाहरण घ्या. मुख्यालय नागपूरला, प्रादेशिक केंद्रे कोइम्बतूर आणि सिरसा येथे. सिरशाला काम करणाऱ्याचे संपर्क हरियाणा, पंजाब, राजस्थानात पसरलेले असणार. गुलाबी बोंडअळीसंबंधी तिकडच्या शेतकऱ्यांशी आणि जिनिंगवाल्यांशी झालेला संवाद विदर्भातही उपयोगी पडणारा. माणूस नागपूरला येतो तेव्हा हे सारे त्याच्यासोबत येते की नाही, हे एका पासवर्डवर अवलंबून असावे, ही स्थिती बरी नव्हे.

लिंक्डइनवर प्रत मागवणे कठीण नाही. सेटिंग्जमधील डेटा गोपनीयतेच्या भागात ती सोय आहे. संगणकावरून केल्यास अधिक सुलभ. निवडक भाग मागितल्यास फाइल बहुधा काही मिनिटांत मिळते, संपूर्ण साठ्याला साधारण २४ तास लागतात. उतरवून घेण्याचा दुवा ७२ तासच चालतो, त्यामुळे ‘सवडीने पाहू’ म्हणून चालत नाही. मिळालेल्या झिप फाइलमध्ये संपर्कांचा सीएसव्ही तक्ता असतो: नाव, संस्था, पद आणि ओळख जोडल्याची तारीख. एक्सेलमध्ये तो थेट उघडल्यास देवनागरीतील नावे कधी कधी अगम्य चिन्हांत दिसतात. डेटा आयात करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला की ती नीट वाचता येतात.

या प्रतीबाबत दोन गैरसमज दूर झाले पाहिजेत. पहिला, तिच्यात सर्वांचे ईमेल मिळतील हा. ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांचेच ईमेल येतात. बहुतेक रकाने रिकामे असतात आणि संपर्कांचे दूरध्वनी क्रमांक तर नसतातच. दुसरा, हा साठा नव्या खात्यात पुन्हा भरून जुने जाळे जसेच्या तसे उभे करता येईल हा. तशी सोय नाही. २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात एका सेवेकडील माहिती दुसरीकडे नेण्याच्या हक्काची तरतूद होती. २०२३ च्या कायद्यात ती राहिली नाही. ती गाळायला नको होती, असे माझे मत आहे. ज्यांचे काम ओळखींवरच चालते, त्यांना तिचा सर्वाधिक लाभ झाला असता.

म्हणूनच हा तक्ता उतरवून ठेवणे ही केवळ सुरुवात होय. त्यात आपले रकाने घालावेत: भेट कोठे झाली, पीक कोणते, त्यांनी कोणत्या बाबतीत मदत केली, आपण काय देऊ केले होते आणि ते पोहोचले का. चार वर्षांपूर्वी कांदा साठवणुकीच्या प्रात्यक्षिकाला आलेले गृहस्थ कोण, हे मंच सांगणार नाही. तुमचा रकाना सांगेल. महत्त्वाच्या वीस-पंचवीस लोकांना थेट विचारून त्यांचा क्रमांक नोंदवणे तर कोणत्याही यंत्राला जमणारे नाही.

शेतकऱ्यांच्या बाबतीत खरी वस्ती व्हॉट्सअॅपवर आहे. तेथील गटातील संवाद निर्यात करता येतो, पण माध्यमांशिवाय सुमारे ४०,००० आणि माध्यमांसह सुमारे १०,००० अलीकडचेच संदेश मिळतात. रोगट पानांची छायाचित्रे हवी असतील तर हंगाम संपताच ती गाव, पीक आणि तारखेसह वेगळी ठेवावीत. अँड्रॉइडवरील बॅकअप आता गुगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो. ती भरली की तो थांबतो.

एक पथ्य मात्र पाळावे. ही यादी आपली असली तरी त्यातील माहिती इतरांची आहे. ती गटांत टाकणे किंवा निविष्ठा विक्रेत्याला ‘सहज’ पाठवणे हा विश्वासभंग ठरतो. फाइलला पासवर्ड असावा. शासकीय प्रकल्पातून जमलेली शेतकऱ्यांची यादी संस्थेची, व्यक्तिगत ओळखीची नोंद आपली, हा भेदही आधीच स्पष्ट हवा. कार्यभार सोपवताना आपण साहित्यसूचीत खुर्च्या आणि कपाटे मोजून देतो. प्रकल्पातील संपर्कांच्या यादीची अद्ययावत प्रत त्याच सूचीत एक बाब म्हणून घालायला संस्थांना वेगळा निधी लागणार नाही. एक कार्यालयीन आदेश पुरेसा आहे, आणि तो खरीपपूर्व बैठकीआधी निघाला तर या वर्षीच्या बदल्यांना उपयोगी पडेल.