शिट्टीला सन्मान, कंठाला कलंक

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात स्टटगार्ट नावाचे एक छोटे नगर आहे. हा भातशेतीचा प्रदेश. हिवाळ्यात उत्तरेकडील रानबदकांचे थवे येथे उतरतात आणि त्यांच्या मागोमाग शिकारीही येतात. या नगरात १९३६ पासून बदकांना साद घालण्याची जागतिक स्पर्धा भरवली जाते. त्या पहिल्या स्पर्धेचा निकाल मोठा उद्बोधक आहे. मिसिसिपी राज्यातील टॉमस वॉल्श हा विजेता ठरला आणि त्याच्या हाती शिट्टीच नव्हती! केवळ कंठातून बदकाचा हुबेहूब आवाज काढून त्याने परीक्षकांना जिंकले. पारितोषिक होते ६ डॉलर ६० सेंट किमतीचा शिकारी कोट.

साद घालण्याच्या या कौशल्याभोवती तेथे एक संपूर्ण हस्तव्यवसाय उभा राहिला आहे. बदकाची शिट्टी दिसायला साधी. लाकडाची पोकळ नळी, तीत घट्ट बसणारी खुंटी आणि खुंटीवर कंप पावणारी एक पातळ जीभ. मात्र जिभेची जाडी केसभर बदलली की सूर बदलतो. अक्रोडाच्या लाकडाचा नाद वेगळा, देवदाराचा वेगळा. रानटी टर्की पक्ष्यासाठी तेथील मूलनिवासी त्याच पक्ष्याच्या पंखातील हाडांची शिट्टी करत. पुढे पातळ भिंतींच्या लाकडी पेटीवर खडू लावलेले झाकण घासून आवाज काढण्याची युक्ती निघाली. आर्कान्सातीलच हेन्री गिब्सन याने १८९७ मध्ये अशा पेटीचे एकस्व घेतले. आज जुन्या नामवंत कारागिरांच्या शिट्ट्या आणि पेट्या संग्राहक हजारो डॉलर मोजून घेतात. १९७३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय रानटर्की महासंघ ही संस्था अशा कारागिरांच्या स्पर्धा भरवते. जे कालपर्यंत शिकाऱ्याच्या खिशातले हत्यार होते, ते आज काचेच्या कपाटातील कलावस्तू झाले आहे.

हे आपोआप घडले नाही. बेसुमार शिकारीने पक्षी संपत चालल्याचे ध्यानात आल्यावर त्या देशाने १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांसाठी कायदा केला. १९३४ मध्ये शिकाऱ्यांना विशेष तिकीट घेणे सक्तीचे केले आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या. १९३५ मध्ये जिवंत बदकांचे आमिष दाखवण्यास बंदी आली. हव्यासाला लगाम घातला गेला, पण कौशल्याला हात लागला नाही. शिकारीचे समर्थन भारतीय मनाला मानवणारे नाही आणि ते मानवण्याची आवश्यकताही नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. कौशल्य आणि हिंसा यांची फारकत करता येते, हे तेथे दिसते. ती आपल्याकडे का झाली नाही?

टॉमस वॉल्शने जे केले, ते महाराष्ट्राच्या माळरानावरील फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या करत आला. पहाटे झुडपाआड बसून तो तित्तिराची साद घालतो आणि हद्दीवर आक्रमण झाले असे समजून नर तित्तिर धावत येतो. लाव्याचा आवाज वेगळा, मादीचा वेगळा, भ्यालेल्या पिलाचा त्याहून वेगळा. या कंठविद्येला ना शाळा, ना पाठ्यपुस्तक. बापाकडून मुलाकडे ती केवळ कानांनी चालत आली. तिला मिळालेले पारितोषिक मात्र वेगळे होते. इंग्रजांनी १८७१ मध्ये जो गुन्हेगार जमाती कायदा केला, त्याच्या जाळ्यात पारधीही सापडले. जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची ही इंग्रजी न्यायबुद्धी! १९५२ मध्ये कायदा गेला. कलंक तेवढा मागे उरला.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. हे योग्यच झाले. माळराने आक्रसत असताना पक्षी वाचलेच पाहिजेत. परंतु ज्याचा फास काढून घेतला, त्याच्या हाती दुसरे काय दिले, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेने कधी मनापासून शोधले नाही. शिकार थांबवताना रानाचे चालतेबोलते ज्ञानही बेवारस झाले. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांची लोकनामे जतन करून ठेवली, हे मराठीचे भाग्य. ते आवाज काढणारे कंठ मात्र एकेक करून मिटत आहेत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. या विद्येला प्रतिष्ठा दिली तर चोरट्या शिकारीला बळ मिळणार नाही का? वास्तविक उलट घडते. ज्याला विद्येचा मान आणि मोबदला राजरोस मिळतो, त्याला ती अंधारात विकावी लागत नाही. मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्रप्रकल्पात २००९ पर्यंत वाघ उरला नव्हता. वाघ तेथे पुन्हा आणून वसवावे लागले. त्याच पन्नात आज पारधी तरुण पर्यटकांना रानवाटांनी नेतात, मागोवा वाचून दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात. पाहुणे टाळ्या वाजवतात आणि पक्षी झाडावर सुखरूप राहतो.

महाराष्ट्रात हे अशक्य नाही. माळरानावरील पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात; त्यांच्या गणनेत पारध्याच्या कानाइतके विश्वासू साधन कोणते? वनखात्याने त्याला पंच म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून बोलवावे. विद्यापीठांनी वृद्ध पारध्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करावेत. शाळांच्या निसर्गसहलींत त्याला गुरुजींच्या शेजारी उभे करावे.

क्रौंचवधाच्या शोकातून आदिकाव्य जन्मले, हे प्रत्येक मराठी घर जाणते. परंतु ते काव्य रचणारा वाल्मीकी पूर्वाश्रमीचा वाटमारी करणारा वाल्या होता, हेही लोकपरंपरेने तितक्याच श्रद्धेने जपले आहे. पक्ष्यासाठी कळवळणारा आणि वाल्याला वाट दाखवणारा समाज एकच असायला हवा. त्यातली अर्धी परंपरा पाळून भागणार नाही.