'शस्त्रक्रिया अशक्य' हा निकाल अंतिम नव्हे

यकृताचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. तोवर गाठ इतकी वाढलेली असते की, 'आता शस्त्रक्रिया शक्य नाही' हे वाक्य नातेवाईकांना पहिल्याच भेटीत ऐकावे लागते. हा निकाल कायमचा मानायचा की तात्पुरता, याविषयी तज्ज्ञांचे मत बदलत आहे.

या बदलाच्या मुळाशी शरीररचनेतील एक साधी गोष्ट आहे. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते. गाठ मात्र मुख्यतः यकृताच्या धमनीवर पोसली जाते. सलाईनमधून दिलेल्या नेहमीच्या केमोथेरपीने या रोगात फारसे हाती लागत नाही. म्हणून जांघेतील धमनीतून बारीक नळी गाठीपर्यंत न्यायची, औषध तेथेच सोडायचे आणि मग गाठीची रसदच तोडायची, ही 'टेस' पद्धत रूढ झाली. तिने निवडक रुग्णांचे आयुष्य वाढते, हे बार्सिलोना आणि हाँगकाँगमधील चाचण्यांनी २००२ मध्ये दाखवले. रोग मुळापासून जातो, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता.

मिलानचे शल्यविशारद व्हिन्सेन्झो माझ्झाफेरो यांनी १९९६ मध्ये यकृतप्रत्यारोपणासाठी मर्यादा घातली होती : ५ सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा ३ सेंटिमीटरपर्यंतच्या फार तर तीन. ही रेषा ओलांडणाऱ्यांचे काय, याचा शोधही पुढे त्यांनीच घेतला. टेससारख्या उपचारांनी ज्यांच्या गाठी आकसल्या आणि किमान तीन महिने तशाच राहिल्या, अशा ४५ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला प्रत्यारोपण, दुसऱ्याला प्रत्यारोपणाविना उपचार. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी जिवंत राहण्याचे प्रमाण पहिल्या गटात ७७.५ टक्के, तर दुसऱ्यात ३१.२ टक्के होते.

रुग्ण थोडे होते, हे खरेच. शिवाय मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरलेला वा यकृताबाहेर पसरलेला रोग या चाचणीत नव्हता. तेथे हे आकडे लावणे म्हणजे रुग्णाची फसवणूक ठरेल. पण उरलेल्यांच्या बाबतीत उपचारांनंतरचे स्कॅन पुन्हा शल्यविशारदासमोर जायला हवे. अनेकदा ती फाईल परत उघडलीच जात नाही.

भारतात यात आणखी एक पेच आहे. येथे बहुतांश यकृते मृत दात्यांकडून नव्हे, तर जवळच्या नातेवाईकांकडून मिळतात. गाठ खरोखर आकसली की नाही, या निर्णयावर मग रुग्णाबरोबर एका निरोगी माणसाचेही ऑपरेशन टेबलावर जाणे अवलंबून असते.