आधी टेबलाशी उभे राहू द्या

रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावातल्या मुलीला ‘नीट’मध्ये चांगले गुण मिळाले तर डॉक्टर होण्यासाठी आता जिल्हा सोडावाच लागेल असे नाही. अलिबागला 2021 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रायगडच्या मुलींना मोठा आधार मिळाला. पण हीच मुलगी उद्या म्हणाली की मला प्लास्टिक सर्जन व्हायचे आहे, तर ही शाखा तिने डोळ्यांनी पाहायची कुठे? पदवीपुरत्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग असण्याची सक्ती नाही. भाजलेल्या रुग्णांवरचे उपचार, दुभंगलेला ओठ आणि टाळू हे विषय शल्यचिकित्सेच्या अभ्यासक्रमात आहेत, पण जिथे विभागच नाही तिथे ते पुस्तक आणि तोंडी परीक्षा यांच्यापलीकडे फारसे जात नाहीत. जी शाखा कधी पाहिलीच नाही, ती कोणी निवडावी कशी?

प्लास्टिक सर्जरी म्हणजे नाक सरळ करणे आणि सुरकुत्या घालवणे, हा घरोघरीचा समज आधी बाजूला ठेवायला हवा. वरसेपासून जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांच्या कारखान्यांची. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन तीन कामगारांचा जीव गेला. भाजलेली त्वचा, यंत्रात चिरडलेली बोटे, महामार्गावरच्या अपघातात सोललेला पाय हे सगळे याच शाखेचे काम आहे. शिवाय घराघरांतल्या चुलीचे, स्टोव्हचे आणि काही वेळा माणसांनीच लावलेल्या आगीचे बळीही. 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की 2001 या एका वर्षात भारतात आगीने सुमारे 1 लाख 63 हजार माणसे दगावली. त्यांतल्या सुमारे 1 लाख 6 हजार स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक 15 ते 34 या वयातल्या. छातीवर, मांडीवर भाजून वाचलेल्या तरुण बायकांची ड्रेसिंग महिनोन् महिने चालतात, आखडलेली मान आणि काख सोडवायला पुन्हा पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. तिथे बाई सर्जन असणे किती मोलाचे आहे, हे बर्न्स वॉर्डात पाय ठेवलेल्या कोणालाही कळेल.

पण मुलींना संधी द्यायची ती केवळ बायकांच्या सोयीसाठी नव्हे. तुटलेला हात सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची हौस आणि कुवत ज्या विद्यार्थिनीत आहे, तिचा त्या कामावर स्वतःचा हक्क आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरी विभागाचे प्रमुखपद डॉ. विनीता पुरी यांच्याकडे आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तिथे हातांचे प्रत्यारोपण झाले. एवढे उदाहरण डोळ्यांसमोर असताना ‘हे मुलींचे काम नाही’ असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही.

अडचण प्रवेश परीक्षेत नाही. तिथे गुण बोलतात. मुली गळतात त्या फार आधी. एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षे, मग एमएस जनरल सर्जरीची तीन, मग प्लास्टिक सर्जरीतल्या एमसीएचची तीन. अठराव्या वर्षी शिरलेली मुलगी एकही वर्ष वाया न घालवता तिशीला पोहोचते. यातले एमएसचे वळण आले की घरचे, शेजारचे आणि कित्येकदा शिकवणारेही स्त्रीरोग, बालरोग, त्वचारोग अशी नावे सुचवू लागतात. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा ‘डीआरएनबी’ अभ्यासक्रमही प्लास्टिक सर्जरीत आहे. वर्षे तेवढीच लागतात, पण मधली दुसरी प्रवेश परीक्षा आणि दुसरे गाव टळते. मुलींच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आणि तो त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच कोणीतरी बसवून सांगितला पाहिजे.

पण नुसते सांगून भागत नाही, दाखवावेही लागते; ही विद्या पाहूनच पसरली आहे. 1793 च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी या मराठा गाडीवानाचे टिपूच्या कैदेत कापलेले नाक एका वीटकऱ्याने कपाळाची कातडी वळवून पुन्हा उभे केले. मुंबईच्या इंग्रज शल्यवैद्यांनी ते पाहिले. 1794 मध्ये त्याची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि 1814 मध्ये कार्प्यू या शल्यवैद्यांनी तिथे तशीच शस्त्रक्रिया केली. आपल्याकडच्या हाताचे काम लंडनपर्यंत पोहोचले. ते अलिबागच्या वसतिगृहापर्यंत पोहोचू नये, हे मनाला लागते.

सोय करायला नवा कायदा नको. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात ‘इलेक्टिव्ह’ म्हणून आवडीच्या विभागात काही आठवडे काढण्याची तरतूद आहेच. अलिबागच्या महाविद्यालयाने ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर, केईएम किंवा जेजे यांच्याशी रीतसर ठरवून दर तुकडीतल्या काही जागा पक्क्या कराव्यात, आणि त्यांतल्या निम्म्या विद्यार्थिनींना द्याव्यात. तिथे गेल्यावर कोणी वॉश होऊन टेबलाशी उभे राहायचे, टाका कोणी घालायचा, ग्राफ्ट कोणी पसरायचा, याची पाळी फळ्यावर लिहिलेली हवी. सिनियरच्या मर्जीवर सोडले की ओळखीचा मुलगा पुढे होतो आणि बाहेरगावची मुलगी फाइल धरून मागे राहते.

आणि राहण्याची खोली. तुटलेले बोट जोडायची केस रात्री दोनलाही येते. 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर कुठल्याही आईबापाला ‘रात्री थांबू दे, शिकेल’ असे नुसते सांगून चालणार नाही. ऑपरेशन थिएटरच्या मजल्यावरच, आतून कडी लागणारी, स्वच्छतागृह असलेली मुलींची वेगळी खोली ज्या विभागात नाही, त्याला विद्यार्थी पाठवू नयेत. ही अट वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने घालावी, आणि पुढची तुकडी निघण्याआधी घालावी.