अपडेट हवेतून, दुरुस्ती मात्र हातानेच!

१९ जुलै २०२४ आठवतोय? देशातल्या विमानतळांवर पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. त्याचे फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द झाली. हॅकर वगैरे कुणी नव्हतं बरं का! क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट चुकलं होतं.

चूक केवढी? प्रोग्रामला २१ नोंदी अपेक्षित होत्या, मिळाल्या २०. एकविसावी शोधताना तो नको त्या मेमरीत शिरला. साधं अ‍ॅप असतं तर तेवढंच बंद पडलं असतं. पण हा प्रोग्राम कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालत होता. तिथे गडबड झाली की विंडोज अख्खा कॉम्प्युटरच थांबवते. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं. तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कॉम्प्युटरना फटका बसला.

खरी गोची पुढेच होती. जो कॉम्प्युटर सुरूच होत नाही, त्याला इंटरनेटवरून औषध कसं देणार? बहुतेक ठिकाणी माणसानेच समोर बसून ती फाइल काढून टाकली. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारं टूलही दिलं.

पण कर्नलच्या आत नेमकं काय बिघडलं, हे कळतं कसं? त्यासाठी असतं कर्नल डिबगिंग. दोन कॉम्प्युटर केबलने जोडायचे; एक थांबवायचा आणि दुसऱ्यावरून त्याची मेमरी तपासायची. पूर्वी हे सिरियल पोर्टवरून चालायचं. लॅपटॉपवरून तो पोर्टच गायब झाला. मग २०१२ च्या विंडोज ८ ने यूएसबी ३.० वरून ही सोय दिली. अर्थात हे दार सताड उघडं नाही: अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, सिक्युअर बूट बंद करावं लागतं. विंडबीजी हा डिबगर फुकट मिळतो. मायक्रोसॉफ्टने क्राउडस्ट्राइकच्या गोंधळातले क्रॅश डंपही त्यातच उघडून तपासले.

आता म्हणाल, मांडवगण फराट्याला याचं काय? सातबारा, पीकविमा, परीक्षेचा फॉर्म अशी गावातली किती कामं एखाद्या केंद्रातल्या एखाद्याच कॉम्प्युटरवर होतात! फॉर्मची शेवटची तारीख असताना तोच निळा पडला, तर शिरूर किंवा दौंडहून कुणी येईपर्यंत थांबायचं का?

म्हणून दोन गोष्टी. बिटलॉकरची रिकव्हरी की आजच कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशी ती शोधताना भल्याभल्यांची दमछाक झाली होती. आणि इंजिनिअरिंगला असाल, तर नुसतं कोडिंग नको, डिबगिंगही शिका. अपडेट पाठवणारे लांब बसलेत. बिघाड झाल्यावर आत डोकावून बघणारं कुणीतरी गावातही हवंच ना?