घर हीच शाळा, पण कोणती?

परभणी, सेलू वा जिंतूरकडील पालक आपल्या स्वमग्न मुलाला घरीच शिकवू लागतात, तेव्हा त्यामागे बहुधा तत्त्वज्ञान नसते, नाइलाज असतो. वाणी-उपचार तज्ज्ञ, विशेष शिक्षक मोठ्या शहरांत एकवटलेले; आणि जवळची शाळा 'आम्हाला जमणार नाही' असे सौम्य शब्दांत सांगून मोकळी होते. परंतु नाइलाजाने आरंभलेल्या कार्यालाही वैचारिक अधिष्ठान लागते.

ते आपल्याकडे आहे. मारिया माँटेसरी यांची पद्धती मुळात रोममधील मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांना शिकविताना घडली. धडधाकट मुलांपर्यंत ती १९०७ साली पोहोचली. (आज ती महागड्या बालवाड्यांची मिरासदारी झाली आहे, हा भाग वेगळा!) गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती भारतीय मातीत रुजविली. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीत, मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाकडे जावे, हा विचार प्रत्यक्षात आणला. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली.

म्हणून घरात फळा टांगून तीच पाठ्यपुस्तके घोकून घेणे हे गृहशिक्षण नव्हे. स्वमग्न मुलाला दिवसाचा ठरलेला क्रम आधार देतो. तो चित्रांनी भिंतीवर मांडावा. तूर आणि मूग वेगळे करणे, कपड्यांच्या घड्या घालणे, गिरणीतून दळण आणून सुटे पैसे मोजणे, ही कामे लहान लहान पायऱ्यांत शिकवावीत. बोलता येत नसेल तर चित्राकडे बोट दाखविणे हीदेखील भाषाच. डोळ्याला डोळा भिडविण्याचा हट्ट मात्र धरू नये. दळण-कांडणातच साधना करणाऱ्या जनाबाईंच्या गंगाखेडला हे वेगळे सांगावे लागू नये.

धोका दुसरीकडे आहे. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो पालकांनी निवडायचा आहे, शाळेने लादायचा नाही. अन्यथा घर ही मूल लपविण्याची जागा होते आणि सारा भार एकट्या आईवर पडतो. तिला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत, म्हणून त्या मुलासोबत गिरणीपर्यंत चालत जाणारा एक तरुण प्रत्येक वस्तीत निघणार नाही काय?